सदतीस मिलिसेकंद

"सदतीसच का?" त्याने पाठवलेल्या मेलला एवढंच उत्तर आलं होतं. वर नमस्कार नाही, खाली आभार नाहीत. तो त्या वेळी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आडवा होता, तोंडात कापसाचे बोळे, अर्धा जबडा बधिर. छातीवर ठेवलेला फोन थरथरला म्हणून त्याने तो डोळ्यांसमोर धरला, एवढाच काय तो गुन्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखतंय?" त्याने मान हलवली. "मग चेहरा असा का केलात? अजून मी सुरुवातसुद्धा केलेली नाही." तोंडात बोळे असलेल्या माणसाला प्रश्न विचारायची या पेशाला सवयच असते, उत्तराची अपेक्षा नसल्यामुळे संभाषण सुरळीत चालतं. यंत्र घूं करत आत शिरलं आणि तो डोक्यावरच्या गोल दिव्याकडे बघत राहिला. सदतीसच का? पस्तीस का नाही, चाळीस का नाही? शहाण्या माणसाने चाळीस लिहिलं असतं आणि त्याला कुणी काही विचारलं नसतं, कारण गोल आकड्याला जगात कुणी जाब विचारत नाही. मग हळूहळू, जबड्याच्या बधिर बाजूने शुद्धीवर यावं तसं, त्याच्या लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही. ज्याला माहीत होतं तो माणूस इथून काही बसथांब्यांवर एका खिडकीशी बसलेला आहे, आणि त्याच्याजवळ आता एकच वाक्य उरलेलं आहे, आणि ते वाक्य म्हणजे या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

दादाचा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. जिथे म्हणून कुणाला कुणाच्या प्रामाणिकपणाची खात्री नसते तिथे काटा लागतो, असं दादा म्हणायचा, आणि म्हणून हा धंदा कधी बसणार नाही, असंही. धंदा बसला नाही. काटे बनवणारी कंपनी बसली. तिचा एक जुना, जाडजूड, हिरव्या आकड्यांचा काटा होता. दादाच्या मते तसा काटा पुन्हा झाला नाही. कंपनीबरोबर त्या काट्याला कॉम्प्युटरशी बोलतं करणारं तिचं सॉफ्टवेअरही गेलं, तेव्हा दादाने ते स्वतःच लिहायला घेतलं. पन्नाशी उलटलेला माणूस, बोटांना सोल्डरिंगचे चटके, चष्मा कपाळावर, दोन बोटांनी टाइप करायचा. आणि हा धाकटा भाऊ एका विमा कंपनीत वरिष्ठ प्रोग्रामर. वरिष्ठ म्हणजे प्रोग्राम लिहायचं सोडून प्रोग्रामबद्दलच्या बैठकांना बसणारा. दादा कधीतरी काही विचारायचा, हा थाटात सांगायचा, आणि दादा शांतपणे म्हणायचा, "तसं नाही ते." मग कसं आहे ते समजावून द्यायचा. एकदा याने विचारलं होतं, "दादा, हा काटा जगात किती लोक वापरत असतील? दहा? अकरा?" "तसं नाही ते," दादा म्हणाला. "किती लोक वापरतात हा प्रश्नच नाही. काटा बोलतोय आणि त्याचं ऐकणारं कुणी नाही, हा प्रश्न आहे." त्या वेळी हा हसला होता. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत ते हसू आठवलं आणि जिभेखाली काहीतरी कडू उतरलं, औषध असावं.

असं काम जगाच्या हवाली करायची एक रीत आहे. एक मोठा सार्वजनिक प्रोग्राम, जगातल्या कितीतरी कॉम्प्युटरांच्या पोटात चालणारा. त्यात आपलं लिहिलेलं घालायचं, तर बटण दाबून भागत नाही. आपल्या प्रत्येक बदलाला कमिट म्हणतात. प्रत्येक कमिटचा एक पॅच करायचा, म्हणजे कुठल्या ओळी काढल्या आणि कुठल्या घातल्या याचं साधं पत्र, आणि ती पत्रं ओळीने क्रमांक घालून मेलने पाठवायची. सातांपैकी पहिलं, सातांपैकी दुसरं. त्यांच्याआधी प्रस्तावनेचं पत्र, त्याचा क्रमांक शून्य. प्रस्तावनेची किंमत इतकी अचूक दुसऱ्या कुठल्याच प्रांतात लावलेली नाही. प्रत्येक पत्रात बदल काय आणि का ते लिहायचं, खाली लेखकाने सही करायची, ते पुढे पाठवणाऱ्याने त्याखाली आपली करायची, मग तीन आडव्या रेघा. रेघांच्या वर लिहाल ते कायमचं इतिहासात जातं, त्यातलं एक अक्षर पुन्हा कुणाला बदलता येत नाही. रेघांच्या खाली आपसातलं काही लिहिता येतं. ते वाचलं जातं आणि पॅच स्वीकारताना आपोआप गळून पडतं. हे सगळं ज्याच्याकडे जातं त्याला दादा राखणदार म्हणायचा. त्या प्रोग्रामच्या काटे, छपाईयंत्रं, असल्या अडगळीच्या कोपऱ्याची राखण तो करायचा. राखणदाराला कुणी पाहिलेलं नव्हतं. दादाच्या मते तो म्हातारा होता. वहिनींच्या मते ती बाई असावी, कारण उत्तर वेळेवर द्यायची. या राखणदाराने जाहीर करून टाकलं होतं की जुन्या काट्यांचं दालन आता ओसाड पडलेलं आहे; पुढच्या आवृत्तीपर्यंत त्यात कुणी जिवंत काम आणून ठेवलं नाही तर सगळं दालनच काढून टाकू. आणि आवृत्ती महिन्यावर आली होती. दादाचं काम आत्ता आत गेलं तर गेलं. नाहीतर त्या सगळ्या संध्याकाळी, ते कपाळावरचे चष्मे, दोन बोटं, सगळं एका लॅपटॉपमध्ये राहणार होतं, आणि तो लॅपटॉपही आता राहिलेला नव्हता.

त्याचं असं झालं. दादाने कामाच्या ओघात बारीकबारीक शेकडो कमिटं केली होती, आणि प्रत्येकावर दोन शब्द लिहून ठेवले होते. "परत." "हे नको होतं." "आता का चालतंय?" "चालतंय, हात लावू नका." "लावला हात." असलं काही राखणदाराला पाठवता येत नाही. इथली पद्धत अशी की माणसाने कितीही ठेचा खाल्लेल्या असोत, पाठवताना असं दिसलं पाहिजे की तो पहिल्यापासून सरळ चालत आला. म्हणून आधी इतिहास धुऊन घ्यायचा: चुकलेलं कमिट आणि त्याची दुरुस्ती एकात एक दाबायची, क्रम बदलायचा, शेकड्यांची सात करायची. दादाने सगळ्या कमिटांवर सही केली होती आणि म्हणाला होता, "पाठवायचं तू बघ. ती पत्रापत्री मला जमायची नाही." याने बघितलं. दादा दवाखान्यात असताना, पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून, त्याने तो सगळा इतिहास धुतला. त्याला ते काम मनापासून आवडलंही. समोर नळ्या लावलेला माणूस आणि मांडीवर त्याच माणसाचा लॅपटॉप, ज्यात निदान काहीतरी नीटनेटकं होत चाललं होतं. सगळ्या चुका गेल्या. उरले सात देखणे पॅच. मग ते आपल्या मशीनवर घेऊन त्याने लॅपटॉप कोरा केला, कारण पुतणीला कॉलेजसाठी हवा होता आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "तुम्हीच काय ते साफ करून द्या भाऊजी, तुमचा हात स्वच्छ आहे." पॅच त्याने आपल्याच मशीनवरून राखणदाराला पाठवले, आणि राखणदाराने सदतीसचं विचारलं. आता त्याला आठवत होतं, किंवा आठवतंय असं वाटत होतं, की त्या शेकड्यांत एक कमिट होतं ज्याचं टिपण दोन शब्दांचं नव्हतं. चांगलं लांब, परिच्छेदभर, आणि सुरुवातीलाच सदतीस हा आकडा. त्याने ते वाचलं नव्हतं. नर्स आली होती, पाय आवरून घ्या म्हणाली होती, आणि त्याने एक कळ दाबून ते कमिट आधीच्या कमिटात घातलं होतं, म्हणजे टिपण पुसलं गेलं होतं. किंवा असं काही झालंच नसेल. ज्या कमिटाचा आता कुठेही पुरावा नाही त्याबद्दल माणसाला काहीही आठवू शकतं.

दवाखान्यातून आल्यावर दादाचा उजवा हात गेलेला होता आणि वाचा गेली होती, एक वाक्य सोडून. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, जे वाक्य माणूस आयुष्यभर न विचार करता बोलत आला तेवढं मागे उरतं. कुणाची शिवी उरते, कुणाचा देव. दादाचं "तसं नाही ते" उरलं. वहिनी हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या आणि सांगताना हसायच्या, "अहो, झटका आला त्या दिवशी मला तासभर कळलंच नाही. मी म्हटलं, गार पडतोय चहा. तर म्हणाले, तसं नाही ते. मी म्हटलं, बरं. पंचवीस वर्षं हेच ऐकतेय, मला काय फरक कळणार?" एवढं सांगून त्या आत जायच्या आणि नळ सोडायच्या. नळ बराच वेळ चालू असायचा.

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून तो तडक तिकडेच गेला, ओठ लोंबत होता तसाच. दादा खिडकीशी, मांडीवर घडी घातलेली शाल, डाव्या हाताच्या बोटांनी तिच्या काठाचे धागे मोजल्यासारखे सोडवत बसलेला. याने स्टूल ओढलं, लॅपटॉप उघडला, तिसरा पॅच पडद्यावर आणला आणि ओळीवर बोट ठेवलं. काट्याला जागं करायची आज्ञा द्यायची, मग सदतीस मिलिसेकंद थांबायचं, मग पहिलं वजन विचारायचं. "दादा, सदतीसच का?" दादाने पडद्याकडे बघितलं, याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम ओळख पसरली, जुन्या गल्लीत शिरल्यासारखी. ओठ हलले. "तसं नाही ते."

"बरं, मी सांगतो, तू फक्त हो म्हण. काट्यातली चिप सावकाश जागी होते म्हणून?"

"तसं नाही ते."

"केबल लांब असली की अडचण येते म्हणून?"

"तसं नाही ते."

"कंपनीच्या माहितीपत्रकात होता का आकडा?"

दादाने मान जोरात हलवली, हो की नाही ते कळेना, डावा हात शालीवरून उचलला आणि हवेत कशावर तरी ठेवल्यासारखा ठेवला. मग स्वतःच्याच दंडावर आपटला, दोनदा, आणि खिडकीकडे दाखवलं. खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत होती आणि भिंतीवर एक पाइप.

"पाइप?" याने विचारलं.

"तसं नाही ते," दादा म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

वहिनी कॉफीचे कप घेऊन आल्या. "काय परीक्षा घेताय सकाळी सकाळी त्यांची?"

"एका आकड्याचं कारण हवंय, वहिनी. दादालाच माहीत आहे."

"मग तुम्ही लिहून टाका काहीतरी. तुम्ही शिकलेले."

"खोटं लिहू?"

"खोटं कशाला? शोभेल असं लिहा." त्यांनी कप त्याच्या हातात दिला, ओठ बधिर होता म्हणून कॉफी हनुवटीवरून शर्टवर ओघळली, आणि वहिनींनी पदर पुढे केला, जसा गेले दोन महिने त्या दिवसातून अनेकदा दुसऱ्या एका हनुवटीपुढे करत होत्या. त्याला एकदम लाज वाटली, शर्टची नाही. "आणि त्यांचं नाव तिथे लागलं म्हणजे काय होईल?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. नाव राहील."

"किती दिवस?"

"कायमचं."

"कायमचं," वहिनी म्हणाल्या, आणि दादाच्या कपात फुंकर घालू लागल्या. "मग करा बाई ते."

शोभेल असं कारण त्याने लिहून पाहिलं. ऑफिसात, बैठक चालू असताना. विम्याच्या धंद्यात शोभणारी कारणं लिहिण्यात त्याची हयात गेली होती, तेव्हा शब्द सुचायला अडचण नव्हती: "मोजमापांती असे आढळले की." कुणाच्या मोजमापांती? खाली दादाची सही होती, हातपाय धड असताना केलेली, आणि वर हे वाक्य दादाचं म्हणून कायमचं बसणार होतं. आणि हा रोज संध्याकाळी दादाला ते वाचून दाखवू शकला असता आणि दादा रोज त्याचं मत सांगू शकला असता. त्याने वाक्य पुसलं. पलीकडचा व्यवस्थापक म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं यावर?" तो म्हणाला, "तसं नाही ते," आणि बैठकीतल्या सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. एकाने ते टिपूनही घेतलं.

शेवटी त्याने खरं ते लिहिलं, तीन रेघांखाली. लेखक माझा भाऊ आहे. तो आजारी आहे, त्याला आता बोलता येत नाही. या आकड्याचं कारण त्यालाच माहीत होतं. राखणदाराचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि या खेपेला त्यात नमस्कार होता. वाचून वाईट वाटलं, त्याने किंवा तिने लिहिलं होतं. माझ्या घरीही असा एक माणूस होता. पण ज्या आकड्याचा अर्थ हयात माणसांपैकी कुणालाच माहीत नाही तो मला इथे ठेवता येत नाही. उद्या काही मोडलं तर दुरुस्त कशाच्या आधाराने करायचं? तुमच्याकडे काटा आहे ना? तो सदतीसचा थांबा काढून बघा. नाही लागला तर बरंच. त्याने ते पत्र कितीदा तरी वाचलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. एखादं तरी वाक्य उद्धट असतं तर किती बरं झालं असतं.

काटा त्याच्याकडे होता. दादाच्या दुकानातला एकुलता एक चालू नग, दुकान आवरताना आणलेला, जेवणाच्या टेबलावर भिंतीकडेला. तो एकटाच राहायचा, त्यामुळे टेबलावर काट्याला भरपूर जागा होती आणि समोर बसायला कुणीतरी झालं होतं. त्याने तो आणल्या दिवसापासून बंद केलाच नव्हता. सकाळी उठून आलं की पडदे ओढलेल्या उबदार खोलीत ते हिरवे शून्य दिसायचे आणि कुणीतरी आपल्याआधी उठून बसलंय असं वाटायचं. कधी शून्याच्या जागी दोन ग्रॅम दाखवायचा, धूळ असेल. मग तो फुंकर घालायचा आणि पुन्हा शून्य व्हायचं, आणि दिवस सुरू व्हायचा. त्या रविवारी दुपारी त्याने सदतीसचे तीस केले. चालला. वीस केले, चालला. दहा. पाच. मग थांबायची ओळच काढून टाकली आणि काट्यावर साखरेचा डबा ठेवला, आणि काट्याने डब्याचं वजन पडद्यावर बिनचूक, जराही न अडखळता सांगितलं. तो बराच वेळ डबा उचलून ठेवत राहिला. प्रत्येक वेळी बरोबर. म्हणजे नकोच होती ती ओळ. दादाने नसत्या ठिकाणी थांबायला लावलं होतं. हा शोध लागल्यावर जे हलकं वाटलं त्यात सुटका किती होती आणि थोरल्या भावाची एक चूक सापडल्याचा आनंद किती होता, याचं वजन करायला त्या टेबलावर साधन असूनही त्याने ते केलं नाही. त्याने पॅचांची नवी आवृत्ती काढली, तिसऱ्यात थांबायची ओळ नाही, रेघांखाली "थांबा काढला, गरज नाही, तपासलं" असं लिहिलं, आणि पाठवून दिली. सोमवारी उत्तर आलं. स्वीकारलं, आभार. सातही. लेखक म्हणून दादाचं नाव, सात वेळा.

त्याने ते कागदावर छापून नेलं, कारण दादाला पडद्याकडे फार वेळ बघवत नव्हतं. वहिनींनी हात पुसले, चष्मा लावला, आणि नाव तेवढं वाचलं. मग पुतणीला हाक मारली, तिनेही नाव वाचलं आणि फोनवर फोटो काढला. मग कागद दादाच्या मांडीवर ठेवले. दादा वाचू लागला. डॉक्टर म्हणाले होते त्याला वाचता येतं की नाही सांगता येणार नाही. तो वाचत होता. डाव्या हाताचं बोट ओळीओळीखालून सरकत होतं, सावकाश, न चुकता, पहिला पॅच, दुसरा. तिसऱ्याच्या मध्यावर बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. जागं करायच्या आज्ञेच्या ओळीवर, मग तिच्या खालच्या वजन विचारायच्या ओळीवर, मग दोन्हींच्या मधल्या पांढऱ्या जागेवर. त्याने कागद उलटून मागे पाहिलं. पाठ कोरी होती. मग मागचे कागद घेतले, पुढचे घेतले, काही खाली पडले, आणि शाल झटकून बघितली.

"काय शोधताय?" वहिनी म्हणाल्या. "चष्मा नाकावरच आहे."

दादाने याच्याकडे बघितलं. ओरडला नाही, रडला नाही. लहानपणी याने त्याचं काहीतरी घेतलं की बघायचा तसं, म्हणजे दे म्हणून नाही, कुठे ठेवलंस एवढंच विचारत. हा म्हणाला, "ते नको होतं दादा. शून्यावरही चालतं. मी तपासलं." दादाने तोंड उघडलं. काही आलं नाही. तेवढं एक वाक्यसुद्धा आलं नाही. मग त्याने कागद गोळा करून, कडा जुळवून, याच्याकडे परत दिले, दुकानात गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा काटा चुकून दिला गेला की तो परत घेताना करायचा तितक्याच अदबीने.

आवृत्ती निघाली. जगाला त्याचा पत्ता लागायला काही आठवडे गेले. मग मेल आली, दादाच्या पत्त्यावर, कारण लेखक तोच. दादाची मेल हाच बघायचा. कुणीतरी फुलांचं शीतगृह चालवणारा माणूस होता, अकरांपैकी एक. माननीय लेखक, त्याने लिहिलं होतं, तुमच्या सॉफ्टवेअरमुळे आमचा काटा रोज सकाळी अडकतो. संध्याकाळी बंद करून ठेवलेला काटा गार खोलीत सुरू केला की पहिल्या वजनालाच थिजतो. असं निष्काळजी काम तुम्ही लोकांसमोर ठेवूच कसं शकता? खाली राखणदाराची ओळ: लेखकाने किंवा पाठवणाऱ्याने आठवड्यात बघावं, नाहीतर सातही पॅच मागे घ्यावे लागतील.

थंडी. तो ऑफिसच्या लिफ्टमध्ये होता. दार उघडलं, लोक उतरले, दार मिटलं, आणि तो पुन्हा खाली गेला. दादाचं दुकान. पत्र्याचं छप्पर, हिवाळ्यात आत तोंडातून वाफ निघायची, आणि वहिनी दुकान बंद करताना मेन स्विच पाडूनच कुलूप लावायच्या. रोज सकाळी गारठलेला, बंद काटा दादा सुरू करायचा, शाल दंडाभोवती ओढून घेत. हवेत, काट्याच्या स्विचवर ठेवल्यासारखा ठेवलेला हात. दंडावर आपटलेला हात. खिडकी. खिडकीतून पाइप दाखवत नव्हता तो. बाहेर दाखवत होता. बाहेर, गार, बंद. तीन शब्द होते आणि हातवारेही तीनच होते आणि समोर बसलेल्या वरिष्ठ प्रोग्रामराने विचारलं होतं, पाइप? आणि यात तरी खात्री कुठे होती? त्या दिवशी दादाला कदाचित शाल नीट हवी असेल. खिडकी लावून हवी असेल.

त्याने काटा पहिल्यांदाच बंद केला, खिडकीच्या कठड्यावर ठेवला, आणि सकाळी लावला. थिजला. हिरवे आकडे अर्धवट पेटून राहिले. थांबायची ओळ परत घातली, चालला. मग रोज गारठवून रोज आकडा कमी करत गेला, आणि त्याच्या खिडकीतल्या थंडीत काटा एकतीसला चालला, तीसला नाही. एकतीस. सदतीस नव्हे. सदतीस कुठली तरी दुसरी, दादाच्या दुकानातली, कुठल्या तरी एका सकाळची थंडी होती. ती सकाळ आता कुठेच मोजून मिळणार नव्हती.

दुरुस्तीचा पॅच एकच होता, त्याला शून्याची प्रस्तावनाही लागत नाही. पण दुरुस्तीच्या पॅचची एक रीत आहे. ज्या जुन्या पॅचातला दोष आपण दुरुस्त करतो, त्याचं नाव आपल्या पॅचात एका ठरलेल्या ओळीत लिहावं लागतं, म्हणजे पुढे कुणालाही कळावं की चूक कुठे झाली. चूक तिसऱ्या पॅचात होती. तिसरा पॅच दादाचा. आणि दुरुस्तीचा लेखक दादा होऊ शकत नव्हता, कारण लेखकाने सही करायची असते आणि तो आता करू शकत नाही हे यानेच राखणदाराला कळवलेलं होतं. सुचवणाऱ्याच्या नावाचीही एक ओळ असते, पण ती त्या माणसाच्या संमतीशिवाय घालू नये असा नियम आहे. तो विचारायला गेला. "दादा, थांबायचं तुझंच होतं. तुझं नाव घालू?" दादा शालीचा काठ सोडवत होता. वर न बघता म्हणाला, "तसं नाही ते." याने तरीही वर, रेघांच्या वर, सरळ लिहिलं: हा थांबा मूळ लेखकाने घातलेला होता, तो मी काढला, चूक माझी. आकडा सदतीसच ठेवला. राखणदाराने पॅच परत पाठवला, अगदी मायेने. आवृत्त्यांची हकिगत रेघांखाली घ्या, वर फक्त बदल आणि कारण. आणि तुम्ही मोजलंत एकतीस, तर सदतीस कशाला? थोडी मोकळीक ठेवून चाळीस करा.

हरकत घ्यायला आठवड्यातला एक दिवस उरला होता. हरकत काय घ्यायची, तेही सुचेना. त्याने चाळीस केले. चूक कुणाची ते रेघांखाली नेलं. पाठवलं. स्वीकारलं, आभार, छान पकडलंत, असं उत्तर आलं, आणि रेघांखालचं गळून पडलं. मेलिंग लिस्टच्या, म्हणजे या सगळ्या पत्रांच्या, जुन्या ढिगात ते सापडेल, शोधलं तर. पण दालनात आता असं दिसतं, आणि दिसत राहील, की थोरल्याने एक दोष ठेवला आणि धाकट्याने तो काढला.

संध्याकाळी तो तिकडे गेला तेव्हा दादाला झोप लागली होती, खुर्चीतच, मान एका बाजूला. वहिनी शालीचे सुटलेले धागे कात्रीने कापत होत्या.

"मिटलं का ते फुलवाल्याचं?"

"मिटलं. दुरुस्ती आत गेली. दादाचे सातही राहिले."

"दुरुस्ती तुमच्या नावाने?"

"हो. माझ्याच नावाने घालावी लागली."

"म्हणजे आता दोघांची नावं आहेत तिथे."

"आहेत."

"जवळजवळ?"

"जवळजवळ. माझ्या पॅचमध्ये दादाच्या पॅचचा उल्लेख आहे, नावानिशी."

वहिनींनी कात्री खाली ठेवली. दादाच्या कपाळावर आलेले केस मागे सारले, आणि त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल झाला.

"चांगलं केलंत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हल्ली कोण कुणाचा उल्लेख करतं."